गिऱ्हाईक वाढवायला राजकुमारच बदलला!

मागच्या व्हिडिओत दुकानाच्या 'स्वभावा'बद्दल बोललो, तेव्हा एक उदाहरण अर्धवट राहिलं. ते इथं नीट लिहितो. उदाहरण गेमचं आहे. नेट कॅफेत तासावर पैसे मोजून 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळलेल्यांना लगेच कळेल. न खेळलेल्यांनी काळजी करू नका, गोष्ट सांगतोच.

ही मालिका १९८९ पासूनची. पहिला गेम जॉर्डन मेकनरचा. २००३ मध्ये युबिसॉफ्ट कंपनीनं 'द सँड्स ऑफ टाइम' आणला. त्यातला राजकुमार गर्विष्ठ, बापाकडून शाबासकी मिळावी म्हणून धडपडणारा पोरगा. हिंदुस्थानातल्या एका महाराजाचा वाडा लुटताना त्याला एक खंजीर सापडतो. पुढं वजिराच्या बोलण्याला भुलून तो काळाची वाळू मोकळी करतो आणि माणसांचे राक्षस होतात. सोबतीला उरते त्याच महाराजाची मुलगी, फराह. तिचं घर यांनीच लुटलेलं, मग ती विश्वास कसा ठेवणार? दोघं भांडत, टोमणे मारत पुढं जातात, आणि ते भांडणच बघावंसं वाटतं.

खेळभर तो स्वतःची गोष्ट सांगत असतो. तुम्ही दरीत पडून मेलात की म्हणतो, छे छे, असं नव्हतं झालं! ही गोष्ट तो फराहलाच सांगतोय, हे शेवटी कळतं. पण काळ मागं फिरल्यामुळं ती त्याला ओळखतच नाही. मग तो तिनंच सांगितलेला एक गुपित शब्द उच्चारतो, 'काकोलुकिया'. पंचतंत्रातलं 'काकोलूकीयम्' आठवलं ना?

कौतुक भरपूर झालं, पण सुरुवातीला विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. इथून आपला विषय सुरू होतो.

२००४ मध्ये दुसरा भाग आला, 'वॉरियर विदिन'. राजकुमार रागीट, दाढी वाढलेला, सारखा गुरगुरणारा. आवाज देणारा कलाकार बदलला, फराह गायब, ती गोष्ट सांगण्याची पद्धत गायब, वर कर्कश रॉक संगीत. मारामारी मात्र एक नंबर, हे मान्य करायलाच पाहिजे. आणि राग येण्याचं कारणही होतं: काळाशी खेळल्याबद्दल दहाका नावाचा राक्षस सात वर्षं त्याच्या मागं लागलेला. कोणीही चिडका होईल! पण ती सात वर्षं आपल्याला दाखवलीच नाहीत. काल ओळखीचा असलेला माणूस आज परका होऊन समोर उभा. खुद्द मेकनरलाही हा बदल पटला नव्हता. २००५ च्या 'द टू थ्रोन्स'मध्ये फराह परत आली, जुना आवाज परत आला, आणि चिडका राजकुमार त्याच्याच शरीरातला दुसरा जीव म्हणून दाखवला. २००८ ला तर राजकुमारच नवा.

बीबीएला 'ब्रँड पर्सनॅलिटी' हा धडा आम्ही मार्कांपुरता पाठ केला होता. खरा अर्थ आमच्या देवगाव फाट्यावर दिसतो. सेलू, जिंतूर, मंठ्याकडं जाणारा माणूस इथं उतरतो, दहा मिनिटं थांबतो. माल सगळीकडं सारखाच. तो "काय पाव्हणं, बसा" म्हणणाऱ्याकडं जातो. विक्री थंडावली म्हणून त्याच दुकानदारानं दुसऱ्याची रील बघून "ऑफर, ऑफर, आजच या!" असं ओरडायला सुरुवात केली, तर जुनं गिऱ्हाईक विचारणार, दुकान विकलं का हो? मांडणी बदला, भाव बदला, वेळ बदला. पोरगं गल्ल्यावर बसवायचं असेल तर आधी सहा महिने तुमच्या शेजारी बसवा, लोकांना बघू द्या. तीच ती सात वर्षं, जी गेमवाल्यांनी दाखवली नाहीत.

ह्या गोष्टीचा शेवट आपल्या महाराष्ट्रात येतो. सप्टेंबर २०२० मध्ये २००३ चाच गेम नव्यानं बनवायचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओकडं असल्याचं जाहीर झालं. ट्रेलर आला आणि लोक राजकुमाराच्या चेहऱ्यावरच तुटून पडले. सतरा वर्षं झाली होती, तरी तो पोरगा त्यांच्या डोक्यात पक्का होता. तारीख जानेवारी २०२१ वरून मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियलकडं गेलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीनं तो गेमच रद्द केला.

पुढच्या व्हिडिओत गल्ल्यावर बसणाऱ्या नव्या माणसाला पहिल्या महिन्यात काय शिकवायचं, ते बघू.