धरणाचा गळ डहाणूला नेताना

गोदावरी उगवते अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आणि जाऊन मिळते बंगालच्या उपसागराला. नाशिकच्या गळवेड्यांचा प्रवास उलट्या दिशेचा. गंगापूर-दारणेच्या पाण्यावर रोहू-मृगळ धरत हात बसला, की कधीतरी त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू गाठून छोट्या होडीतून किनाऱ्यालगत गळ टाकायची हौस येतेच. सामान घेताना मात्र धरणावरच्या समजुती सोबत येतात.

त्यातली सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे समुद्र मोठा, म्हणून तंगूसही जाड हवा. धरणाचं पाणी जवळजवळ उभं असतं. डहाणूकडे उधाणाला भरती-ओहोटीत समुद्राचं पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं आणि तेवढ्याच जोराने वाहतं. हा प्रवाह तंगुसाला ढकलतो. जाडी दुप्पट केली की ढकलणारा जोरही साधारण दुप्पट होतो, तंगूस धनुष्यासारखा वाकतो, शिसं तळ सोडतं. मग शिसं वाढवायचं, आणि ते वाढलं की माशाने आमिषाला तोंड लावलेलं कळत नाही. वास्तविक ०.३५ मिलिमीटरचा चांगला नायलॉन तंगूस सात-आठ किलोचा ताण पेलतो. रिळाचा ब्रेक त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावला, तर मोठा मासा पळताना दोर सुटत जातो, तुटत नाही. जाड हवा तो फक्त शेवटचा हातभर तुकडा, कारण जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाला पात्यासारखी धार असते, शिवाय खडकांवर कालवं असतातच. शिसं एकाच वजनाचं नेऊ नका. तीस, साठ, शंभर ग्रॅम असं जवळ ठेवा आणि पाण्याची ओढ पाहून बदला. नवख्याने अमावास्या-पौर्णिमा टाळून अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटीचा काळ निवडला, तर निम्मी कटकट आपोआप मिटते.

लांब काठीचा आग्रहही धरणाच्या काठावरचाच. तिथे दूर फेकायचं असतं. होडीत मासे पायाखालीच असतात आणि दहा फुटी काठी शेजाऱ्याच्या डोळ्याशी खेळते. साडेसहा-सात फूट पुरे. खरं तर पहिल्या खेपेला काठी-रीळही नको, असं माझं मत. कोळी नुसत्या हातातल्या तंगुसावर गरवतात, आणि मासा कसा टोचतो हे बोटाला जितकं कळतं तितकं कुठल्याच काठीला कळत नाही. बोटावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, नाहीतर दोर कापतो.

‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही,’ हे दुकानात हमखास ऐकू येतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यातलं क्लोराइड स्टेनलेसवरचा संरक्षक थरही पोखरतं. घाट चढून घरी येईपर्यंत मीठ रिळात वाळून बसलेलं असतं, म्हणून ते डहाणूतच गोड्या पाण्याने धुवायचं. ब्रेक घट्ट करून, वरून हलकं पाणी ओतून. जोराची धार मीठ आणखी आत ढकलते.

गळाच्या नंबरांनी तर भले भले गोंधळतात. साध्या आकड्यांत ८ नंबर ४ पेक्षा लहान, पण शून्य जोडलं की उलटं: ३/० हा १/० पेक्षा मोठा. मुडदुशीसाठी ६ किंवा ८, जिताड्यासाठी २/०-३/०. रोहूसाठीचा कणकेचा गोळा घरीच ठेवा. इथे कोळंबी लागते.

‘होडी बिनइंजिनाची, मग पावसाळ्यात काय हरकत?’ १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना आहे हे खरं, पण खवळलेला समुद्र इंजिन आहे की नाही हे विचारत नाही. लाइफ जॅकेट बाराही महिने अंगावर हवंच.

राहिली लांब नाकाची पक्कड. ती चैन वाटते, पण गळाला शिंगाळा हमखास लागतो. त्याच्या पाठीवर एक आणि बाजूच्या परांत दोन असे तीन करवती, विषारी काटे असतात. हाताने गळ सोडवायला जाऊ नका. काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, त्याने वेदना उतरतात. आणि काटा आत मोडला असेल तर थेट डॉक्टरकडे जा.