पोटावर निखारा बाळगणारा भेक

कोरियाचे द्वीपकल्प, ईशान्य चीन आणि रशियाचा अतिपूर्वेकडील प्रदेश येथील डबकी, भातखाचरे व संथ ओढे यांत 'बॉम्बिना ओरिएंटॅलिस' हा जेमतेम ४ ते ५ सेंटिमीटर लांबीचा भेक राहतो. काळ्या ठिपक्यांच्या हिरव्या पाठीमुळे तो पाणवनस्पतींत सहज दडतो, मात्र त्याचे पोट लालभडक वा नारिंगी असते.

संकट अगदी जवळ आल्यास तो पाठीची कमान करून हातपाय उचलतो आणि तळव्यांचा व पोटाच्या कडांचा भडक रंग शत्रूला दाखवतो. 'उंकेन प्रतिक्षिप्त क्रिया' या नावाने ओळखले जाणारे हे विलक्षण देखणे वर्तन म्हणजे त्वचेतील ग्रंथींतून पाझरणाऱ्या विषारी द्रवाची आगाऊ सूचना होय. हा रंग भक्ष्यातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांवर अवलंबून असल्याने बंदिवासात वाढलेल्या भेकांचे पोट पुष्कळदा फिकटच राहते.

त्याची जीभ चपटी व तोंडाच्या तळाला जखडलेली असल्यामुळे ती भक्ष्यावर फेकता येत नाही, म्हणून तो झेप घेऊन किडे थेट जबड्यातच पकडतो. हिवाळा तो शीतनिद्रेत काढतो.

जगभर उभयचरांचा संहार करणाऱ्या कायट्रिड बुरशीचे मूळ पूर्व आशियात असल्याचे २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातील संशोधनाने दाखवले, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून परदेशी गेलेल्या याच जातीच्या भेकांवरही ती आढळली. म्हणून हौसेने पाळलेला असा भेक किंवा त्याच्या टाकीतील पाणी कोणीही ओढ्यातळ्यांत सोडू नये.