साठाचे पंच्याहत्तर करताना

अमृतधाम, हिरावाडी, आडगाव नाका. नाशिकमधल्या पंचवटीच्या या पट्ट्यात इंजिनिअरिंगची मुलं खोल्या घेऊन राहतात आणि त्यांतल्या कितीतरी जणांचा लॅपटॉप घरच्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेला असतो. दिवसा त्यावर प्रोजेक्ट चालतो, रात्री गेम. ६० हर्ट्झची स्क्रीन सेटिंग बदलून ७५ किंवा ९० वर ‘ओव्हरक्लॉक’ करता येते, हे या मुलांना ठाऊक असतं. ती काळी पडली तर पुढे काय, हे मात्र आधी कुणी सांगत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि लॅपटॉपचे हप्ते भरणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठीही.

हर्ट्झमध्ये मोजला जाणारा हा रिफ्रेश रेट म्हणजे काय, हे समजून घ्यायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवला जाई. मूकपटांच्या त्या काळात सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रं टिपली जात. बोलपट आले, आवाज चित्राशी जुळवायचा म्हणजे वेग पक्का हवा, म्हणून २४ चा आकडा रूढ झाला. पण प्रोजेक्टरमधली फिरती झडप प्रत्येक चित्र निदान दोनदा पडद्यावर पाडते. चित्रं २४, उजेड ४८ वेळा. तसं केलं नाही तर डोळ्यांना लुकलुक जाणवते. सेकंदाला चित्रं किती तयार झाली आणि ती पडद्यावर किती वेळा उमटली (म्हणजे रिफ्रेश रेट), या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. लॅपटॉपचा ग्राफिक्स प्रोसेसर गेमच्या सेकंदाला ४० फ्रेमच, म्हणजे चित्रंच, तयार करू शकत असेल, तर स्क्रीन ७५ वर नेल्याने त्यांच्या ४१ होत नाहीत.

फायदा अगदीच खोटा आहे असं नाही. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, ७५ ला १३.३. माऊसचा बाण आणि पान सरकवणं थोडं मऊ वाटतं. मिळकत आहे ती या सुमारे सव्वातीन मिलिसेकंदांची. आता तिची किंमत पाहू.

फुल एचडी पॅनलमध्ये पिक्सेलच्या १०८० ओळी असतात आणि त्या एकामागून एक भरल्या जातात. मधली रिकामी वेळ धरली तर ६० हर्ट्झला एका ओळीच्या वाट्याला जेमतेम १५ मायक्रोसेकंद येतात. ७५ ला ते १२ वर उतरतात. नळाला पाणी येण्याची वेळ कमी झाली की रांगेतला प्रत्येक हंडा थोडा उणा भरतो, तसं पिक्सेलचं होतं: त्याला हवा तेवढा विद्युतभार पोचत नाही. मग रंग फिके पडतात, गडद छटा बदलतात, हलत्या वस्तूमागे शेपूट दिसतं. काही पॅनलमध्ये आधीच्या चित्राची पुसट छाया काही काळ रेंगाळते. हे बिघाड हळूहळू डोळ्यांच्या सवयीचे होतात, म्हणून मला ते जास्त वाईट वाटतात. फोटो किंवा डिझाइनचं काम करणाऱ्याला आपली स्क्रीन चुकीचे रंग दाखवते आहे, हे कळतही नाही.

दुसरी मर्यादा केबलची. मदरबोर्डपासून बिजागरीतून पॅनलपर्यंत जाणारी ती बारीक केबल ठरावीक माहितीच वाहून नेते. साध्या फुल एचडी लॅपटॉपमध्ये बहुधा दोन लेनची जोडणी असते. प्रत्येक लेनचा वेग सेकंदाला २.७ गिगाबिट असेल, तर एन्कोडिंगचा वाटा वजा जाता प्रत्यक्ष चित्रासाठी सेकंदाला ४.३२ गिगाबिट उरतात. मधली रिकामी वेळ धरून २४ बिट रंगांत ६० हर्ट्झला सुमारे ३.३ लागतात, ७५ ला सुमारे ४.१५, म्हणजे काठोकाठ. ९० हर्ट्झला ती रिकामी वेळ सोडून नुसत्या पिक्सेलनाच ४.४८ हवेत. अशा जोडणीत तेवढ्या रंगांसह ९० बसतच नाही, मग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये काहीही आकडा टाका. काठावर चालणाऱ्या जोडणीत आडवे पट्टे, ठिपके आणि मधूनच क्षणभर काळी पडणारी स्क्रीन ही नेहमीची लक्षणं. पॅनलमागचा टायमिंग कंट्रोलरही जास्त तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत लॅपटॉपला आणखी तापवण्यात शहाणपण नाही.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे फ्रेम गाळणं. सेटिंगमध्ये ७५ दिसतं, पण पॅनल मधली काही चित्रं चक्क सोडून देतं. हे पकडायला चौकटींची जाळी एकेक करून उजळत नेणारी चाचणी स्क्रीनवर लावावी आणि मोबाइलचं एक्स्पोजर लांबवून तिचा फोटो काढावा. उजळलेल्या चौकटी सलग दिसल्या तर ठीक. मध्ये एखादी काळी राहिली, तर ते ७५ कागदावरचं आहे.

काचेच्या जड मॉनिटरच्या काळात लिनक्सच्या माहितीपुस्तिकांत स्पष्ट इशारा असे: मर्यादेबाहेरचं टायमिंग दिलं तर मॉनिटर कायमचा जळू शकतो. आजचं पॅनल तसं सहसा जळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१२ च्या सुमारास कोरियातून मागवलेले काही २७ इंची मॉनिटर लोकांनी ६० वरून थेट १२० पर्यंत नेले होते. पण तो टेबलावरचा मॉनिटर. बिघडला तर वायर काढून दुसरा लावता येतो. लॅपटॉपची स्क्रीन गेली की पुढच्या आठवड्याचं सबमिशनही तिच्याबरोबर अडकतं.

काळी पडलेली स्क्रीन बहुतेक वेळा मेलेली नसते, म्हणून घाबरू नका. विंडोजच्या सेटिंगमधून नवा रेट निवडला असेल तर १५ सेकंद काहीही न दाबता थांबा, जुना रेट आपोआप परत येतो. वेगळ्या सॉफ्टवेअरने मूळ टायमिंगच बदललं असेल तर ही सोय मिळत नाही. तेव्हा एचडीएमआयने टीव्ही किंवा मॉनिटर जोडा आणि बदल मागे घ्या. तेही जमलं नाही तर विंडोज सुरू होताना दोन-तीनदा मध्येच बंद करा. रिकव्हरीचा पडदा येईल, तिथून सेफ मोडमध्ये जाऊन बदल पुसा. बायोसचा पडदा नीट दिसत असेल तर पॅनल शाबूत आहे, गोंधळ फक्त सेटिंगचा आहे. दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी एवढं तपासा, नाहीतर नव्या पॅनलचे पैसे विनाकारण जातील.

एका गोष्टीला मात्र हात लावू नका. पॅनलच्या स्वतःच्या चिपमध्ये त्याची ओळख आणि टायमिंग, म्हणजे ईडीआयडी, साठवलेली असते. विंडोजमधला बदल पुसता येतो. चिपवर चुकीचं लिहिलं गेलं तर सेफ मोडही वाचवत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ६० हर्ट्झच्या लॅपटॉप पॅनलवर हा खटाटोप करण्याजोगा नाही. तरीही करून पाहायचाच असेल तर आधी फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा, वॉरंटीच्या अटी वाचा, आकडा एकदोन हर्ट्झनेच वाढवत न्या आणि प्रत्येक पायरीला वरची चौकटींची चाचणी घ्या. सिनेमासाठी करणार असाल तर ७५ पेक्षा ७२ बरा, कारण तो २४ च्या बरोबर तिप्पट आहे. आणि खरोखर १४४ हर्ट्झचा गेम खेळायचा असेल, तर लॅपटॉप तेवढ्या फ्रेम काढतो का आणि त्याचं एचडीएमआय तेवढं पेलतं का हे पाहून पैसे साठवा आणि १४४ चा वेगळा मॉनिटर घ्या. परीक्षा तोंडावर असेल तर ६० लाच राहू द्या.