शेणखताचे कुजणे आणि नत्राचा ताळेबंद

चांगले कुजलेले खत ताज्या शेणापेक्षा नत्राने अधिक समृद्ध असते, असे पृथक्करणाच्या आकड्यांवरून दिसते. शेकडा प्रमाणापुरते हे विधान बहुधा खरे ठरते. परंतु त्यावरून कुजण्याच्या क्रियेत नत्राची भर पडते असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक नाही. हा भेद स्पष्ट करणे व रत्नागिरीच्या हवामानात त्याचा अर्थ काय होतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शेण, गोमूत्राने भिजलेला पेंढा व पातेरा यांच्या ढिगात पुरेशी हवा व ओलावा असला म्हणजे सूक्ष्मजंतू प्रथम शर्करा, पिष्ट व प्रथिने यांचे विघटन करतात. काही दिवसांतच तपमान ५५ ते ६५ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते. गोमूत्रातील युरियापासून अमोनिया तयार होतो, सामू ८ च्या वर जातो, आणि अशा उष्ण व अल्कधर्मी स्थितीत अमोनिया वायुरूपाने निसटू लागतो. पुढे सेल्युलोजचे विघटन होते. लिग्निन मात्र सावकाश बदलते व त्याचे अवशेष नत्रयुक्त द्रव्यांशी संयोग पावून ह्यूमस बनतो. ढीग निवल्यावर अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होते आणि सामू उदासीनतेकडे उतरतो.

आता हिशेब पाहू. समजा, १०० किलो शुष्क द्रव्यात ७५ किलो सेंद्रिय भाग, २५ किलो राख, ४० किलो कर्ब व १.६ किलो नत्र आहे. म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर २५ आहे. सेंद्रिय भागापैकी ४० किलो नष्ट झाला आणि नत्राचा चतुर्थांश उडून गेला, तर ६० किलो खतात १.२ किलो नत्र उरतो. नत्राचे प्रमाण शेकडा १.६ वरून २.० झाले, गुणोत्तर सुमारे १६ वर आले. तथापि शेतकऱ्याचा ४०० ग्रॅम नत्र गेला तो गेलाच. राखेचे वजन बदलत नाही असे धरून, आधीच्या व नंतरच्या राखेच्या प्रमाणावरून ही घट काढता येते. स्फुरद वायुरूप होत नसल्याने तो ढिगात टिकतो व त्याचे शेकडा प्रमाण वाढते.

रत्नागिरीत या हिशेबात पाऊस हा आणखी एक घटक येतो. येथे वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, व तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघड्या गायरीतील नायट्रेट व पालाश हे दोन्ही सुविद्राव्य असल्याने पाण्याबरोबर वाहून जातात. पालाश हा राखेचाच घटक असल्याने, पावसात भिजलेल्या ढिगास राखेवर आधारलेली वरील रीत बिनदिक्कत लावता येत नाही, हे संशोधकाने ध्यानात ठेवावे. हॉवर्ड व वाड यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या इंदूर पद्धतीत पावसाळ्यासाठी खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग सुचविला आहे. परंतु इंदूरच्या सुमारे तिप्पट पाऊस जेथे पडतो, तेथे ढिगावर छप्परही हवे.

याउलट भाजावळीत शेण व पातेरा जाळला जातो. त्याने तण मरते व राखेमुळे रोपवाटिकेस पालाश मिळतो. पण कर्ब व बहुतांश नत्र हवेत जातो आणि ह्यूमस तर मुळीच लाभत नाही. जांभ्या जमिनीस हीच उणीव विशेष जाणवते. या आम्लधर्मी जमिनीतील लोह व ॲल्युमिनियम यांची प्राणिदे स्फुरद घट्ट धरून ठेवतात. ह्यूमसमधील सेंद्रिय आम्ले त्याच अधिशोषण-स्थानांसाठी स्पर्धा करतात, त्यामुळे काही स्फुरद पिकासाठी मोकळा राहतो. शिवाय ह्यूमस पालाश व अमोनियम यांसारखे धनायन धरून ठेवतो.

सारांश, खताची परीक्षा केवळ शेकडा प्रमाणावरून न करता गोठ्यातून निघालेल्या एकूण नत्रापैकी किती शेतात पोहोचला यावरून करावयास हवी. गोमूत्र शोषण्यास पुरेसा पेंढा, ढिगात योग्य ओलावा, आणि वर्षारंभापूर्वी छप्पर, या तीन साध्या उपायांत बचतीचा मोठा भाग सामावलेला आहे.