ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी?

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपल्याकडे व्यवहारचातुर्य म्हणून सांगितली जाते, तशीच काहीशा उपहासानेही. टाळी वाजविणाऱ्याने पोळी कोणाची खाल्ली, हे सभेतील सर्वांना ठाऊक असेल, तर त्या टाळीचे मोल प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवितो. प्रश्न उद्भवतो तो पोळी पडद्याआड खाल्ली जाते तेव्हा. इंटरनेटवरील लेखन व चित्रफिती यांतून होणाऱ्या प्रायोजित शिफारशींबाबत नेमका हाच प्रश्न उभा राहिला आहे.

ब्लॉग अर्थात अनुदिनी लोकप्रिय झाली ती तिच्यातील मोकळेपणामुळे. एखादा कॅमेरा कसा चालतो, एखाद्या उपाहारगृहातील जेवण कसे आहे, हे सामान्य माणूस स्वानुभवाने सांगू लागला. ‘याला यातून काही मिळावयाचे नाही’ या भावनेने वाचकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. उद्योगजगताने या विश्वासाचे मोल लवकरच ओळखले. २००६ साली अमेरिकेत ‘पे पर पोस्ट’ नावाची सेवा सुरू झाली. जाहिरातदाराने विषय द्यावा, ब्लॉगलेखकाने त्यावर लिहावे आणि प्रत्येक लेखामागे ठरलेली रक्कम घ्यावी, अशी ही योजना होती. लेखकाने मोबदल्याचा उल्लेख केला नाही, तर ती वाचकाची फसवणूक नव्हे काय, यावर तेथे मोठा वाद झाला. अखेर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शिफारशींविषयीची आपली १९८० सालची मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. १ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या या तत्त्वांनुसार रोख रक्कम असो वा मोफत मिळालेली वस्तू, जाहिरातदाराशी असलेला संबंध वाचकासमोर मांडणे ब्लॉगलेखकाकडूनही अपेक्षित झाले.

दोष कशात आहे?

मोबदला घेणे हे मुळात अनैतिक नाही. लेखनाला श्रम पडतात आणि श्रमाला मोल असावे. वृत्तपत्रेही जाहिरातींच्या उत्पन्नावरच चालतात. परंतु वृत्तपत्रातील जाहिरातीभोवती चौकट असते आणि ती चौकट पाहताच वाचक सावध होतो. प्रायोजित शिफारशीत ही चौकट पुसली जाते. दोष पैशात नसून लपवालपवीत आहे, कारण लपविल्याने वाचकाच्या हातचे पारखण्याचे साधनच हिरावले जाते.

याची आणखी एक बाजू सहसा लक्षात येत नाही. मोबदल्याने केवळ स्तुतीच विकत घेतली जाते असे नाही, तर मौनही विकत घेतले जाते. पुढची भेटवस्तू बंद होईल या धास्तीने जो दोष लिहिला गेला नाही, तो वाचकास कधीच कळत नाही. म्हणूनच ‘मी लिहिले ते खरेच होते’ हा बचाव अपुरा ठरतो.

नियमांची चौकट

भारतात अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक संस्थेने २०२१ साली समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मोबदल्याची शिफारस ‘जाहिरात’ म्हणून ठळकपणे ओळखता यावी, हे त्यांचे सार होय. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतील शिफारसकर्त्यासही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा अपराध घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र त्याने दाव्यांची यथायोग्य शहानिशा केली असल्यास त्यास संरक्षण मिळते. प्राप्तिकराच्या क्षेत्रातही १ जुलै २०२२ पासून व्यवसायानिमित्त दिलेल्या लाभांवर, वर्षाकाठी त्यांचे मूल्य २०,००० रुपयांहून अधिक असल्यास, १० टक्के उद्गम करकपातीची तरतूद आली. प्रभावकाने परीक्षणासाठी मिळालेला मोबाईल परत न करता स्वतःकडे ठेवला, तर तो लाभ समजावा, असे स्पष्टीकरणही तेव्हा देण्यात आले. ‘ती तर केवळ भेट होती’ असे म्हणण्यास त्यामुळे फारसा वाव उरला नाही.

बचत पणाला लागते तेव्हा

साबण वा मोबाईल चुकीचा निघाला तर नुकसान मर्यादित असते. शिफारस गुंतवणुकीची असेल तर आयुष्यभराची पुंजी पणाला लागते. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवरील काही चित्रफितींतून एका लहान सूचिबद्ध कंपनीविषयी खोटी माहिती देऊन तिचे समभाग घेण्याचा सल्ला देण्यात आला. या चित्रफितींच्या प्रसारासाठी जाहिरातींवर मोठा खर्चही करण्यात आला. सेबीच्या मार्च २०२३ मधील अंतरिम आदेशानुसार त्या काळात कंपनीच्या लहान भागधारकांची संख्या सुमारे २ हजारांवरून ५५ हजारांच्या वर गेली, आणि चढ्या भावाने समभाग विकणाऱ्यांत काही प्रवर्तकांचाही समावेश होता. सल्ला मोफत होता. त्याची किंमत मात्र शेवटी खरेदी करणाऱ्यांनी मोजली.

बँकिंग क्षेत्रास हा प्रश्न परका नाही. अमेरिकेत ब्लॉगलेखकांसाठी नियम झाले, त्याच २००९ साली भारतात सेबीने म्युच्युअल फंडांच्या वितरकांना आपले कमिशन गुंतवणूकदारास सांगण्याचे बंधन घातले. रिझर्व्ह बँकेनेही विमा व म्युच्युअल फंड योजनांच्या विक्रीतून बँकांना मिळणारे कमिशन ग्राहकांसमोर उघड करण्यास सांगितले. तत्त्व एकच आहे. सल्ला देणाऱ्याचा लाभ कोठे दडला आहे, हे सल्ला घेणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.

ग्राहकांनी कोणतीही शिफारस स्वीकारण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. यातून सांगणाऱ्यास काय मिळते? त्याने एकतरी उणीव सांगितली आहे काय? आणि विषय गुंतवणुकीचा असल्यास तो सेबीकडे नोंदणीकृत आहे काय? ही नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येते. दिशाभूल झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. काउंटरवर बसलेल्या कर्मचाऱ्यानेही ग्राहकाने विचारण्याची वाट न पाहता कमिशनचा आकडा स्वतःहून सांगावा. त्यामुळे एखादी विक्री कदाचित हातची जाईल, परंतु तो ग्राहक पुढील सल्ल्यासाठी त्याच काउंटरवर येईल.