बसल्या फांदीला धक्का न लावता

ज्या फांदीवर बसला तीच फांदी तोडणाऱ्या शेखचिल्लीची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. त्याला आपण सारेच हसतो. पण समजा, तुम्हाला कोणी सांगितले की, "या झाडावर चढून बसा, झाडाच्या साऱ्या जुन्या फांद्या तोडा आणि नव्या बसवा, मात्र खाली पडायचे नाही!" तर काय कराल? असेच काम एक चिमुकली आज्ञावली बिनबोभाट करीत असते. तिचे नाव आहे बूटलोडर.

कपडे धुण्याच्या यंत्रात, विजेच्या मीटरमध्ये, खेळण्यातल्या मोटारीत एक छोटासा संगणक बसवलेला असतो. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तुम्ही 'आर्डुइनो ऊनो' नावाचा निळसर बोर्ड पाहिला असेल. २०१० साली निघालेल्या या बोर्डावर 'एटीमेगा ३२८पी' नावाचा मायक्रोकंट्रोलर असतो. आज्ञा साठवण्यासाठी त्याच्यापाशी ३२,७६८ बाइटांची 'फ्लॅश' स्मृती असते. वीज गेली तरी तिच्यातला मजकूर पुसला जात नाही. पण हवा तेव्हा तो बदलता मात्र येतो. म्हणूनच आज दिवा लुकलुकवणारा बोर्ड उद्या टाकीतल्या पाण्याची पातळी सांगू शकतो.

आता गंमत पाहा. नवी आज्ञावली संगणकाकडून तारेवाटे येते. ती घेऊन स्मृतीत लिहायची कोणी? मायक्रोकंट्रोलरने. पण त्याला तर स्मृतीत असलेल्या आज्ञांखेरीज काहीच कळत नाही! म्हणजे आज्ञावली आत घेण्यासाठी आत आधीच एक आज्ञावली हवी. मग ती पहिली कोठून आणायची?

हा पेच जुनाच आहे. १९७५ साली अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' हा संगणक निघाला. तो सुरू केला की त्याची स्मृती कोरी असे. मालकाला समोरच्या खटक्यांची उघडझाप करून एकेक आज्ञा हाताने भरावी लागे. या थोड्याशा आज्ञांच्या बळावर मग कागदी फितीवरची मोठी आज्ञावली आत घेता येई. बुटाच्या मागच्या पट्टीला इंग्रजीत 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. आपल्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलावे, तसाच हा प्रकार! 'बूट' हे नाव त्यावरूनच पडले.

मायक्रोकंट्रोलरमध्ये ही सुरुवात वेगळ्या तऱ्हेने होते. बोर्डावरच्या सहा टाचण्यांना एक लेखनयंत्र जोडतात. त्या वेळी चिपमधील आज्ञावली थांबवलेली असते आणि चिपमधील खास मंडल बाहेरून आलेले बाइट सरळ फ्लॅशमध्ये लिहिते. बूटलोडर असा एकदा आत बसला की पुढे साधी तार पुरते.

पण शेखचिल्लीचे काय? नवी आज्ञावली लिहिताना बूटलोडरने स्वतःलाच पुसले तर सारे संपले! म्हणून त्याला वेगळी जागा दिलेली असते. या फ्लॅशची १२८ बाइटांची २५६ पाने असतात. ऊनोचा बूटलोडर केवळ ५१२ बाइटांचा, म्हणजे अखेरच्या चार पानांत मावणारा आहे. उरलेली २५२ पाने तुमची. पाने पुसण्याची आणि लिहिण्याची आज्ञा अखेरच्या राखीव भागातूनच दिली तर चालते आणि त्या भागाला कुलूपही लावता येते. झाडाचे खोड असे सुरक्षित राहते; बदलतात त्या फांद्या.

बोर्ड संगणकाला जोडून त्यावरचे 'रीसेट'चे बटण दाबले की बूटलोडर आधी जागा होतो आणि सुमारे एक सेकंद संगणकाच्या हाकेची वाट पाहतो. हाक आली नाही तर तो कारभार तुमच्या आज्ञावलीकडे सोपवतो. हाक आली तर एका पानाचा मजकूर तो तात्पुरत्या स्मृतीत घेतो, फ्लॅशमधले जुने पान पुसतो आणि नवे लिहितो. पुसायला आणि लिहायला प्रत्येकी सुमारे ४ सहस्रांश सेकंद लागतात. सेकंदाला ११,५२० बाइट या वेगाने २५२ पानांचा मजकूर नुसता वाहून आणायलाच २.८ सेकंद लागतात.

आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली तर? अर्धी पाने नवी, अर्धी जुनी! अशी आज्ञावली काय करील याचा नेम नाही. बोर्ड टेबलावर असेल तर चिंता नाही; बूटलोडर शाबूत असतो, पुन्हा बटण दाबून सारे नव्याने भरता येते. पण तोच बोर्ड दूरच्या शेतात पंप चालवीत असेल, तर बटण दाबायला कोण जाणार?

म्हणून अशा ठिकाणचा बूटलोडर लिहिताना एक युक्ती करतात. एका पानावर 'काम पुरे झाले' अशी खूण ठेवतात. तिच्यात आज्ञावलीची लांबी आणि एक पडताळा-अंक असतो. सर्व बाइटांची बेरीज करून तिला २५६ ने भागले की उरणारी बाकी हा सर्वांत साधा पडताळा-अंक. उदाहरणार्थ, ४०, २००, ९० आणि १५ यांची बेरीज ३४५, बाकी ८९. नवे लेखन करताना क्रम असा: सर्वांत आधी खूण पुसायची, मग पाने लिहायची आणि खूण सर्वांत शेवटी लिहायची. बोर्ड सुरू होताच बूटलोडर खूण पाहतो आणि बेरीज करतो. खूण नसेल किंवा अंक जुळला नाही, तर तो कारभार सोपवतच नाही. पुन्हा मजकूर येण्याची वाट पाहत राहतो.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि यातल्या प्रत्येक पायरीवर वीज घालवून पाहा. प्रत्येक वेळी बोर्ड सावरतो ना? मग खूण आधी आणि पाने नंतर लिहून पाहा. घोटाळा कोठे होतो ते लगेच ध्यानात येईल.

आणखी एक कोडे. वरच्या चार अंकांपैकी दोघांची अदलाबदल झाली तर बेरजेला ते कळेल का? नाही! म्हणूनच जाणते लोक नुसत्या बेरजेवर विसंबत नाहीत. बाइटांचा क्रमही लक्षात घेणारा पडताळा वापरतात. तसा एखादा पडताळा तुम्हाला शोधून काढता येईल का? प्रत्येक बाइटाला त्याच्या क्रमांकाने गुणून सुरुवात करा पाहू!