बाळसं आणि फाटकबाईंची फूटपट्टी

किकवीच्या एका अंगणवाडीताईंचा प्रश्न आहे : ‘बाळ सहा महिन्यांचं झालं. लसी वेळेवर, दूधही आहे. तरी बाळसं धरत नाही. आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते. घरचे दृष्ट काढतात. आईच्या मनाचं दुखणं बाळाला भोवत असेल का?’

असेल, ताई. गोव्यात हे मोजलंय. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. बाळांचे आकडे २००३ साली आले. सहाव्या महिन्यात नैराश्यग्रस्त आयांची ३० टक्के बाळं वजनात फारच खाली होती. इतरांची १२ टक्के. बुद्धीची वाढही मागे.

मागे, पण कुणाच्या? अमेरिकेतल्या बाळांच्या? नाही. इथे एक नाव हमखास गाळलं जातं : प्रमिला फाटक. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात त्यांनी बाळांचा विकास मोजणारी बेलीची अमेरिकी चाचणी आपल्याकडच्या १ ते ३० महिन्यांच्या बाळांवर पारखून नवी मानकं बसवली. खुळखुळ्याकडे मान कधी वळते, ठोकळा कधी उचलतं, आरशातल्या बाळाला कधी हसतं... सुधारित चाचणीत बुद्धीच्या अशा १६३ पायऱ्या आहेत, हालचालींच्या ६७. गोव्यातल्या बाळांना लावली ती हीच फूटपट्टी. शोधाचा गाजावाजा होतो, फूटपट्टीचा होत नाही!

यातल्या कितीतरी पायऱ्या बाळ एकटं चढूच शकत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत एड ट्रॉनिक यांनी आयांना सांगितलं, दोन-तीन मिनिटं बाळासमोर चेहरा दगडासारखा ठेवा. बाळ आधी हसतं. मग हात नाचवतं, ओरडतं. तरी उत्तर नाही. शेवटी मान फिरवतं. इथं दोन-तीन मिनिटं. किकवीच्या त्या घरात महिनोन्‌महिने.

म्हणून ‘आईनेच मूल बिघडवलं’ असं मात्र कुणी म्हणू नये. गोव्यात नैराश्याचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या उपासमार, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं. उपचारांचीही जादू नाही. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आतिफ रहमान यांनी आरोग्यसेविकांना समुपदेशन शिकवलं. सहा महिन्यांनी नैराश्य तिथे २३ टक्के आयांत उरलं, इतर गावांत ५३ टक्के. बाळांची हगवण कमी झाली, लसीकरण वाढलं. वजन-उंचीत मात्र ठळक फरक पडला नाही.

तेव्हा ताई, बाळाला काट्यावर ठेवाल तेव्हा आईलाही विचारा : झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा होतो का? टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पहिला फोन तुमच्याच मोबाइलवरून लावून द्या. तिच्याकडे तो असेलच असं नाही.